पाठीमागची खिट्टी

शेरडाच्या तोंडात बेलाची डहाळी होती. उंबऱ्याच्या आत दोन पाय ठेवून ते शिवम्माकडं असं बघत होतं, की घर त्याचं आणि शिवम्माच कुठूनशी आत शिरलेली. मानेवर गार वारा लागला म्हणून तिनं मागं वळून पाहिलं होतं. एरवी लिंगपूजेत वळून बघणारी बाई नव्हे ती. डाव्या तळहातावर लिंग, लिंगावर नजर, ओठांत नमःशिवाय. पाठीमागं भांडी पडोत की पाहुणा येवो, पापणी लवायची नाही. पण आज मागचं दार सताड उघडं होतं, परसातला पांढरा उजेड फरशीवर पार तिच्या चटईपर्यंत आला होता, आणि त्या उजेडात ते शेरडू निवांत रवंथ करत होतं. तिची नजर शेरडावरून दाराच्या वरच्या अंगाला गेली. खिट्टी खाली आलेली. मी तर लावलीय, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं : लावलीय का? हातावर लिंग असताना तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही ही माहेरची शिस्त, म्हणून तिनं दातातून नुसतं 'स्स' केलं. शेरडानं कान हलवले. मग तिनं लिंग वस्त्रात गुंडाळलं, करंड्यात ठेवलं, करंडा गळ्यात बांधला, आणि उठून केरसुणी अशी फेकली की शेरडू कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडं गेलं. खिट्टी लावली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? पण भाकरी थापताना, डाळ निवडताना, दुपारी आडवं झाल्यावर तिच्या कानात सारखा एकच आवाज येत राहिला. टक्. खिट्टी चौकटीच्या भोकात बसते तेव्हाचा. आज सकाळी तो आवाज आला होता, तिला पक्कं आठवत होतं. फक्त तो आजचाच होता, का कालचा, का परवाचा, हे काही केल्या सांगता येईना. रोज एकसारखाच येणारा आवाज. त्यातला आजचा कसा वेगळा काढायचा?

तिची रीत ठरलेली. अंघोळ झाली की मागच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीकडं तोंड करून बसायचं, म्हणजे मागचं दार पाठीशी येतं. लिंगाला पाणी घालायचं, भस्म लावायचं, मग ते अभिषेकाचं पाणी पितळी गडव्यात घेऊन परसात जायचं आणि बेलाच्या बुडाशी ओतायचं. लिंग मात्र तळहातावरच. खाली ठेवायचं नाही, बाहेर पडताना त्यावर पदर घ्यायचा. ही तिच्या आईची रीत, तेलगावच्या सासरी कुणाची नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा जावा हसल्या होत्या, आणि त्यांचं हसू तिनं आजतागायत त्यांच्या पदरात परत घातलं होतं. तर डावा हात पदराखाली गुंतलेला, उजव्यात रिकामा गडवा. आत आल्यावर दार पाठीनं लोटायचं आणि गडव्याच्या काठानं खिट्टी वर सारायची. उंचीला शिवम्मा पुरुषभर, गडवा सहज पोचतो. टक्. मग पुन्हा चटई, पुन्हा लिंग, आणि जग बंद. इतकी वर्षं हे असंच. दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा तिच्या लेकानं, वीरेशनं, मागचं लाकडी दार काढून पत्र्याचं बसवलं, त्याला ही चकचकीत उभी खिट्टी लावली, तरी तिच्या हाताला काही शिकावं लागलं नाही. आधीची कडी ती गडव्यानं उचलून अडकवायची, ही गडव्यानं वर ढकलायची. एवढाच काय तो फरक.

दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा मात्र सून घरात होती. म्हणजे नातीला, ईश्वरीला, शाळेत सोडून रुचिका तेवढ्यात आत आली, आणि शिवम्मा डोळे लिंगावर लावून बसलेली, पाठीमागं दार भिंतीला टेकलेलं. रुचिका अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकलेली, बोलणं गोड, आवाज कधी चढत नाही. तोच शिवम्माला तिचा राग होता. भांडायला जागाच ठेवत नाही पोरगी. रुचिकानं पूजा होईपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, मागचं दार उघडं राहिलं का?"

राहिलं. हा एक शब्द शिवम्माच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला, आणि मासा तर या घरात कधी शिजलाही नव्हता. राहिलं म्हणजे ठेवणाऱ्यानं ठेवलं. राहिलं म्हणजे म्हातारं माणूस. "राहिलं न्हाई," ती म्हणाली. "कुनीतरी उघडलंय."

"कुणी?"

"ते मी कसं सांगू? माज्या पाठीला काय डोळे हायत?"

बोलून गेली. जीभ तिची नेहमी दोन पावलं पुढं चालायची आणि तिला मागून धावत जाऊन जिभेची बाजू घ्यावी लागायची. या वेळी ती बाजू जड गेली. संध्याकाळी वीरेश दुकान बंद करून आला, रुचिकानं सांगितलं, आणि तो पाणी पिता पिता थांबला. धान्याच्या मोंढ्यामागं परवाच चोरी झाली होती, त्याच्या डोळ्यांपुढं तेच आलं. "आई, कुणी आत आलं होतं? तू एकटी असताना?" त्याचा चेहरा पाहून तिला माया आली आणि भीतीही वाटली, आणि दोन्हीतून सुटायला ती म्हणाली, "आलं आसंल." झालं. वीरेश म्हणाला, "पाठीला डोळेच बसवून टाकू आई. चार बसवू." म्हणजे कॅमेरे. म्हणजे आता खरंच कुणीतरी बघणार होतं, आणि बघितल्यावर काय दिसणार होतं हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. किंवा ठाऊक नव्हतं, आणि तेच तर.

कॅमेरेवाला शहादेव अंबाजोगाईहून आला. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात ड्रिल, बोलायला मोकळा. "आज्जी, चहा लागंल बगा आदी."

"आज्जी आसंल तुज्या घरी. अक्का म्हन. चहा आपसूक येतो आमच्यात, मागावा लागत न्हाई."

"चुकलं अक्का." त्यानं खोकी उघडून ओट्यावर मांडली. तीन लांबट, नळीसारखे. एक वाटी उपडी घातल्यासारखा. "ह्ये नळीवाले बाहेरून. ऊन, पाऊस, धूळ, समदं सोसतेत. ह्यो घुमटाचा आतून. ह्याला पाऊस चालत न्हाई, पर आख्खी खोली बगतो."

पहिला दुकानाच्या शटरवर. शिवम्माच्या नवऱ्याचं, वैजिनाथअप्पांचं हे लोखंडी सामानाचं दुकान. अप्पा गेले, आता वीरेश बघतो. वीरेशला कॅमेरा पार वर, स्लॅबखाली हवा होता, कुणाचा हात पोचू नये म्हणून. शहादेव म्हणाला, "मालक, लई वर गेला की नुसती टकली दिसतेत. तोंड दिसलं पायजे." शिवम्मानं ओट्यावरनं आवाज टाकला, "वीरेश, टकली मोजायला आनलाय का त्याला?" आणि कॅमेरा माणसाच्या हातभर वर, छज्ज्याच्या सावलीत बसला, मावळतीचं ऊन डोळ्यात गेलं की त्याला काही दिसत नाही म्हणे. बोळातल्या पुढच्या दारावर दुसरा. तो बसवून शहादेवनं मोबाईल दाखवला तर सगळ्या चित्रभर एक पांढरट, भस्म फासल्यासारखं पोट डुलत होतं. दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला कोहळा. वीरेश म्हणाला, "काढू तो." "कोहळा हलनार न्हाई," शिवम्मा म्हणाली. "त्यो खिळा तुज्या बापानं ठोकलाय. घराला आदी ह्यो बगत हुता, तुमचा डोळा आत्ता आला." शहादेवनं हसून शिडी डाव्या कोपऱ्यात सरकवली, तिरपा लावला, आणि बोळ, पायऱ्या, येणाऱ्याचं तोंड, सगळं आलं, कोहळ्याची फक्त कड राहिली. तिला बरं वाटलं. आपण म्हणतो तिथं डोळा बसतो तर. तिसरा परसात, मागच्या दाराच्या समोर, भिंतीच्या खांबावर. त्यालाही तिची हरकत नव्हती. बाहेरून येणारा बाहेरूनच दिसावा.

मग शहादेव मागच्या खोलीत आला, खिडकीच्या वर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो घुमट हितं. दार बरूबर समोर. उजेड पाठीमागनं, चित्र चकाचक." हातात धरूनच त्यानं मोबाईलवर दाखवलं. शिवम्मानं पाहिलं. दार होतं. दाराच्या अलीकडं तिची चटई होती, भस्माची वाटी होती. उद्या तिथं ती असणार, डावा हात पुढं करून. "न्हाई," ती म्हणाली.

"आई, आतूनच तर कळेल—"

"लिंग परक्या नजरंला पडू देत न्हाईत. शिकिवलं न्हाई का तुला? का दुकानात खिळे मोजता मोजता इसरला?"

वीरेशनं मान खाली घातली. शहादेवनं हात जोडले. "राहिलं मग अक्का." पुन्हा तोच शब्द. उपडी वाटी खोक्यात गेली, खोकं माळ्यावर. कारण खरं होतं, खोटं त्यात काही नव्हतं; म्हणून तर ते इतकं सोयीचं पडलं. त्या रात्री जेवताना तिला आपलंच कारण आठवलं. देवाला पुढं करून आपण मागं लपलो, असं काहीतरी. नीट शब्दात धरता आलं नाही, धरावंसंही वाटलं नाही.

कडूबाई परसात भांडी घासायला येते, तिचं आणि शिवम्माचं वय एक, तोंडंही एक. ती दुसऱ्या दिवशी राख जास्तच जोरात घासत होती. शिवम्मानं विचारलं, तुज्या अंगात काय आलंय.

"मी चोर का गं अक्का?"

"कोन म्हनलं?"

"म्हनलं न्हाई, इचारलं. तुज्या ल्योकानं. कडूबाई, सकाळी मागच्या दारानं येता का म्हनून. म्हनलं असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. इचारल्याला काय करावं?"

"त्याला अक्कल न्हाई."

"अक्कल हाय. तूच म्हनलीस ना, कुनीतरी उघडलं. ह्या घरात कुनीतरी म्हंजी कोन? मीच की." कडूबाईनं पातेलं पालथं घातलं, पाणी निथळू दिलं. मग आवाज खाली आणून, रागानं नव्हे, जुन्या मैत्रिणीच्या काळजीनं म्हणाली, "तुजी सासू बी असंच म्हनायची, अक्का. कुनीतरी आलतं. कुनीतरी उघडलं."

शिवम्मा आत निघून आली. आत येऊन काय करायचं होतं ते आठवेना, म्हणून डब्यांची झाकणं उघडून लावत बसली. कौशल्याबाई. सासूबाई. सुपारीएवढा अंबाडा, चंदनाचा वास, आणि कमरेला चाव्यांचा छल्ला. छल्ल्याचा आवाज आला की सगळ्या सुना पदर सारखा करायच्या. मग एकदा दुधाचं पातेलं चुलीवर जळालं. मग देव्हाऱ्यातला दिवा दोनदा लागला. मग दारं. कुनीतरी आलतं, त्या म्हणायच्या, इतक्या ठामपणानं की पहिल्या पहिल्यांदा सगळे काठ्या घेऊन बाहेर धावायचे. पुढं धावेनासे झाले. पुढं हसायला लागले. पुढं एका दुपारी सासऱ्यांनी, प्रेमानं, तिला आठवतंय, अगदी प्रेमानं, सासूबाईंच्या कमरेचा छल्ला सोडवला आणि नव्या सुनेच्या, म्हणजे शिवम्माच्या हातात ठेवला. सासूबाई नुसता हात कमरेशी नेऊन तिथं चाचपत राहिल्या. मग त्यांच्या खोलीला बाहेरून साखळी आली. खिडकीच्या गजांना धरून त्या रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायच्या, बाळा, कडी काढ रे जरा. आणि आवाज असा साधा, रोजचा, कामाचा, की नवा माणूस खरंच कडी काढायला यायचा. छल्ला आजही शिवम्माच्या कमरेला होता. झाकण लावता लावता तिचा हात आपोआप तिथं गेला, आणि गेलेला पाहून तिनं तो झटकन मागं घेतला.

तेव्हापासून तिनं चटई फिरवली. कुणाला सांगितलं नाही. पूर्व सोडून उत्तरेकडं तोंड केलं, म्हणजे दार डोळ्याच्या कोपऱ्यात राहील. पण लिंगावरची नजर म्हणजे अशी की तिला कोपरा नसतो. काळं, तुळतुळीत, त्यात खिडकीचा एक बारीक ठिपका चमकतो; त्या ठिपक्यावर डोळा ठरला की मग हात जड होत नाही, वेळ जात नाही. आता ठिपकाच नव्हता, खिडकी बाजूला गेली होती. ती तळहाताकडं बघायची आणि मन दाराकडं. तळहाताला कळायचं. आणि एवढी चौकी करून काय झालं, तर एका सकाळी मंत्र म्हणता म्हणता तिचे डोळे जरा मिटले, मिटले म्हणजे काय, पापणीला पापणी लागली; उघडले तर दार उघडं.

या वेळी घरात सगळे होते. वीरेश धावत आला, मोबाईल काढला, परसातल्या कॅमेऱ्यातलं मागं नेऊन लावलं. सगळे वाकून बघायला लागले, दारातून कडूबाईसुद्धा. परसात एक म्हातारी आली. उंच, पण खांद्यात वाकलेली, भांगाजवळ टाळू दिसणारी, एक हात पदराखाली. कोण ही, असं शिवम्माच्या मनात आलं, आणि मग गडवा ओळखू आला. आपण अशा चालतो? मागून कुणी सांगितलंच नव्हतं. म्हातारीनं बेलाला पाणी घातलं, आत गेली, दार लागलं. मग रिकामं परस. एक चिमणी. कुणीही आलं नाही, कुणी भिंतीवरून उतरलं नाही. आणि थोड्या वेळानं दार आपलं आपण, आतल्या आत, सावकाश उघडलं.

"मंजी मी न्हाई," कडूबाई म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून वीरेशकडं बघितलं.

वीरेशनं तिची माफी मागितली, ती नीट मागितली. मग तो मागच्या दाराशी गेला, खिट्टी वर सारली, तिचा दांडा आडवा फिरवून खाचेत अडकवला, दार दोन्ही हातांनी ओढलं, हलवलं, लाथ घातली. ढिम्म. "खिट्टी चांगलीय," तो स्वतःशीच म्हणाला. रुचिका चहा टाकायला गेली. कुणी हसलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच भयंकर होतं. वीरेश येऊन तिच्याजवळ खाली बसला, लहानपणी बसायचा तसा गुडघ्याला गुडघा लावून. "आई," तो म्हणाला, प्रेमानं, अगदी प्रेमानं, "चाव्या जड होत असतील तर रुचिकाकडं देत जा ना. तू आता आराम कर."

तिला वाटलं होतं आपण त्याच्या मुस्काटात देऊ. प्रत्यक्षात तिचा हात मांडीवरून उठलाच नाही. त्याच्या खांद्यावरून तिला मागचं दार दिसत होतं, बंद, पत्र्याचं, त्यात काही नव्हतं. म्हणजे हे असं होतं तर. असं येतं. आपल्याला कळत नाही, आपल्याला टक् ऐकू येतं आणि आवाज आलेला नसतो. सासूबाईंनाही ऐकू येत असेल. मग तिला एकदम वाटलं, नसंल ठाऊक तर नसो, पण हे अर्धंमुर्धं नको. खिडकीचे गज धरून रस्त्यानं जाणाऱ्याला विचारत बसण्यापेक्षा एकदा डोळ्यानं बघून घ्यावं, आणि नसली लावली आपण खिट्टी, तर आपल्याच हातानं छल्ला सोडून पोरीच्या हातात द्यावा. आपल्याच हातानं. कुणी सोडवायच्या आत.

"चौथा कुठाय?" ती म्हणाली.

"काय चौथा?"

"डोळा. माळ्यावर टाकलाय त्यो. बोलीव त्या शहादेवला."

शहादेव आला तेव्हा ती जागा ठरवून बसली होती. खिडकीच्या वर नाही. उत्तरेच्या भिंतीला, माठाच्या वर. लाटणं भिंतीला लावून तिनं खूण केली, आणि मोबाईल स्वतःच्या हातात घेतला. "वर कर. आजून. माजं डोसकं दिसतंय, आजून वर. चटई गेली का? गेली. आता दाराकडं फिरव. बास." चित्रात दाराचा वरचा हातभर तुकडा होता, चौकट होती, आणि मधोमध खिट्टी.

शहादेव डोकं खाजवत म्हणाला, "अक्का, असला क्यामेरा मी जलमात बशिवला न्हाई. ह्यात मानूसच दिसत न्हाई."

"मानसाचं काय बगायचंय? मला खिट्टी बगायचीय."

"खिट्टीवर पाळत?"

"चोर तितंच हाय," ती म्हणाली, आणि आपण हसत म्हणालो की रडत हे तिचं तिलाही कळलं नाही.

पहिल्या सकाळी काहीच झालं नाही. दार बंदच राहिलं. वीरेश खूश झाला, शिवम्मा मात्र नाही. म्हणजे आपण लक्ष दिलं की लागतं. लक्ष दिलं नाही की राहतं. दुसऱ्या सकाळी अंघोळीच्या वेळी मनात आलं, आज गडवा खाली ठेवू, धडधडीत हातानं लावू, सगळ्यांना दिसू दे. कोण विचारणार आहे? पण मग बघायचं काय? नाटक करून खरं दिसत नाही. तिनं चटई पुन्हा पूर्वेकडं केली. पाणी घातलं, भस्म लावलं, पदराखाली लिंग, उजव्या हातात गडवा. बेलाच्या बुडाशी पाणी ओतताना तिनं मुद्दाम दुसरंच काहीतरी मनात आणलं, ईश्वरीच्या फ्रॉकचं बटन. आत आली. पाठीनं दार. टक्. बसली.

रस्त्याच्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर येत होता. कारखाना चालू झाल्यापासून, आणि मोठ्या रस्त्याचं काम निघाल्यापासून, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागच्या गल्लीनंच जायचे, आणि ड्रायव्हरांना गाणी लागायची ती अशी, की गाणं कळायच्या आधी धडधड छातीत शिरायची. कालची सकाळ ट्रॅक्टरावाचून शांत गेली होती, तिच्या ते आता लक्षात आलं आणि लगेच निसटलं. भस्माची वाटी फरशीवर बारीक किणकिणली. तळहातावर काळ्या गोलाईत खिडकीचा ठिपका होता. ती त्याला धरून राहिली. धडधड जवळ आली, भिंतीतून, फरशीतून, मांडीतून वर आली, गेली. आणि मानेवर वारा लागला.

ती वळली नाही. सगळी पूजा पुरी केली. लिंग गुंडाळलं, करंडा बांधला, उघड्या दाराकडं न बघता उठली आणि आतल्या दारानं सरळ दुकानात गेली. गल्ल्याच्या वर अप्पांची तसबीर, तिच्याखाली नवा टीव्ही. "लाव ते," ती वीरेशला म्हणाली. तिच्या आवाजानं रुचिका आली, कडूबाई ओल्या हातानं आली. शिवम्मानं छल्ल्याची गाठ सैल करून ठेवली होती, ते कुणाला दिसलं नाही.

टीव्हीवर दाराचा तुकडा आला. खिट्टी खाली. मग खालून पितळेचा काठ वर आला, चमकला, खिट्टीच्या दांड्याला लागला, आणि खिट्टी सरळ वर, चौकटीच्या भोकात. काठ खाली गेला. आवाज नव्हता, पण शिवम्माला तो ऐकू आला. नुसती खिट्टी. नुसतं दार. कडूबाई म्हणाली, "काय बगायचं ह्यात?" मग दार थरथरायला लागलं. पत्रा थरथरत होता, चित्र थरथरत होतं, आणि खिट्टी, जिचा दांडा खाचेत फिरवलेला नव्हता, कारण गडव्याच्या काठाला दांडा फिरवता येत नाही, ती खिट्टी एक गहूभर खाली आली. थांबली. आणखी गहूभर. पुन्हा थांबली, विचार केल्यासारखी. आणि मग पडली. दार हळूच आत आलं, आणि चौकटीत परसातला उजेड भरला.

"आगं बया," कडूबाई म्हणाली. "नाचत आली की गं खाली."

"ट्रॅक्टर," वीरेश म्हणाला. "त्या गाण्यांनी... आई, आम्ही दांडा फिरवतो ना, म्हणून आम्ही लावली की कधी..."

"लाव पुन्ना," शिवम्मा म्हणाली. त्यानं लावलं. पितळेचा काठ वर आला. तिला पुढचं बघायचंच नव्हतं; तिला एवढंच, हा काठ, पुन्हा एकदा. "मी लावलती," ती म्हणाली, कुणाला म्हणून नव्हे. "लावलती मी." ती खिळ्यांच्या पोत्यावर बसली. पोटातून काहीतरी वर आलं, आणि ते रडू असेल म्हणून तिनं पदर तोंडाला लावला, तर हसू निघालं. पोत्यातले खिळे खुळखुळायला लागले. रुचिका घाबरून जवळ आली, मग तीही हसायला लागली, आणि शिवम्माला पहिल्यांदाच दिसलं की पोरगी हसताना आवाज चढवते.

"वीरेश," डोळे पुसत ती म्हणाली, "ही खिट्टी कुट्ल्या दुकानातनं आनलीस रं?"

वीरेशनं वर तसबिरीकडं बघितलं, खाली बघितलं. "आपल्याच."

"आपल्याच! तुजा बाप गिऱ्हाइकाच्या कानाशी कडी वाजवून द्यायचा. तू चकाकी बगून माल भरतोस, आन् तुज्या मालापायी मला चाव्या उतरवायला सांगतोस व्हय?"

"चुकलं आई."

"कडूबाईला बी चुकलं म्हनलास, मला बी चुकलं म्हनलास. आता जन्मभर चुकत बस." आणि बोलता बोलता तिनं कमरेची गाठ घट्ट आवळली. आवळताना बोटं क्षणभर तिथंच थांबली. एका दुसऱ्या कमरेशी चाचपणारा हात तिला दिसला, सुपारीएवढा अंबाडा दिसला. त्यांनाही टक् ऐकू आलं असेल का? तेव्हा बघणारं कुणी नव्हतं. तो विचार आला तसा पोत्यातल्या खिळ्यांवरून घरंगळत खाली गेला, आणि तिनं त्याला जाऊ दिलं.

दुपारी वीरेशनं गोदामातून अप्पांच्या वेळची कडी शोधून आणली. जाड, काळी, तेलकट, पंज्याएवढी. स्वतःच ठोकली. चौथ्या कॅमेऱ्याचं काय करायचं, त्यानं विचारलं. "राहू दे," ती म्हणाली, आणि तो शब्द या वेळी कुठं अडकला नाही.

सकाळी ती बेलाला पाणी घालून आत आली. पाठीनं दार लोटलं, गडव्याच्या काठानं कडी उचलली आणि कोयंड्यात सोडली. खण्ण. माठावरच्या डोळ्याला ती हातातल्या गडव्यानंच म्हणाली, बघितलंस? आणि चटईवर पूर्वेकडं तोंड करून, दाराकडं पुरती पाठ करून बसली. गल्लीतून ट्रॅक्टर आला. वाटी किणकिणली, फरशी हलली, तळहातावरचा ठिपका जागचा हलला नाही. बाहेर बेलाजवळ शेरडू ओरडलं. ती वळली नाही.